नकाराचे मोल

मराठी भाषेस निषेधाचे दारिद्र्य नाही. 'नाही', 'नको', 'नव्हे' आणि 'नये' असे चार शब्द आपल्या जिभेवर सदैव तयार असतात, व त्या प्रत्येकाचे कार्य निराळे आहे. पहिला वस्तूचा अथवा क्रियेचा अभाव सांगतो, दुसरा इच्छेचा अभाव सांगतो, तिसरा एक वस्तू म्हणजे दुसरी वस्तू नव्हे असे बजावतो, आणि चवथा वर्तनाची मर्यादा आखून देतो. यांपैकी 'नको' हा शब्द तर इतका सोयीचा ठरला की, दख्खनी उर्दूने तो आपलासा करून घेतला, आणि हैदराबादच्या बाजारात तो आजही ऐकू येतो. इतकी साधनसामग्री घरात असता, प्रसंग पडला म्हणजे आपण यांतील एकही शब्द उच्चारीत नाही. आपण म्हणतो, 'बघू.'

या 'बघू'वर एखाद्या कोशकाराने स्वतंत्र प्रकरण लिहावयास हरकत नाही. 'बघू' म्हणणारा काहीही बघणार नसतो, हे म्हणणाऱ्यास ठाऊक असते. ऐकणाऱ्यासही बहुधा ठाऊक असते. परंतु या 'बहुधा'तच सगळा अनर्थ साठलेला आहे. ऐकणारा जाणता असेल, तर मनात काय ते समजून परत जातो. तो गरजू असेल, तर मात्र त्याची आशा तर्कास जुमानीत नाही. पंधरा दिवसांनी तो पुन्हा येतो, पुन्हा 'बघू' ऐकतो, आणि ज्या पंधरा दिवसांत त्यास दुसरे एखादे दार ठोठावता आले असते, ते दिवस आपण त्याच्यापासून हिरावून घेतलेले असतात. एवढे करून आपण त्याचे मन राखले, या समाधानात आपण रात्री झोपी जातो!

अप्रिय अक्षर तोंडातून काढू नये, हा संस्कार आपल्या हाडीमांशी खिळलेला आहे. दुकान बंद करावयाचे तर ते आपण 'वाढवतो'. घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष 'तथास्तु' म्हणत असतो, असे वडीलधारी मंडळी मुलांस दटावीत आली आहेत. या संकेतांत काव्य आहे, माया आहे, आणि ते टाकून द्यावेत असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तथापि अभद्र बोलू नये हा नियम, आणि खरे असूनही गैरसोयीचे ते बोलू नये हा नियम, यांत अंतर आहे. आणि पहिल्याचा आश्रय घेऊन दुसरा आपल्या घरात केव्हा शिरला, हे आपणांस कळले नाही.

पंगतीचे उदाहरण घ्यावे. पानावर आडवा हात धरून 'नको, नको, पुरे' म्हणणे हा जेवणाऱ्याचा धर्म, व त्या हाताच्या फटीतून जिलेबी सारणे हा वाढणाऱ्याचा धर्म. पहिल्या 'नको'ला थांबणारा यजमान कंजूष ठरतो, आणि पहिल्या आग्रहाला 'वाढा' म्हणणारा पाहुणा हावरा ठरतो. हा एक खेळ आहे व दोन्ही पक्षांस त्याचे नियम ठाऊक आहेत. म्हणून त्यात, एखाद्या मधुमेही गृहस्थाची होणारी पंचाईत सोडली तर, फारसे बिघडत नाही. बिघडते ते निराळ्याच ठिकाणी. ज्या समाजात 'नको' हा शब्द लहानपणापासून 'आणखी आग्रह करा' या अर्थाने कानी पडतो, त्या समाजात खऱ्याखुऱ्या 'नको'ला निराळा शब्दच उरत नाही. नाणे एकदा खोटे म्हणून चालू लागले की, अस्सल नाणेही लोक वाजवून पाहू लागतात.

या खोट्या नाण्याचा भुर्दंड सर्वांत अधिक कोणी भरला असेल, तर तो स्त्रियांनी. मुलीचे मौन म्हणजे संमती, तिचे 'नाही' म्हणजे लाज, तिचा विरोध म्हणजे मानभावीपणा, अशी सोयिस्कर व्याकरणे पुरुषांनी रचली, आणि कथा-नाटके-चित्रपटांनी ती लोकप्रिय केली. अशा वातावरणात १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात एक दावा दाखल झाला. दादाजी भिकाजी या गृहस्थाने आपली पत्नी रखमाबाई नांदावयास येत नाही, तरी तिला तसा हुकूम व्हावा, अशी मागणी केली. रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झाले होते व त्या सासरी कधी राहिल्याच नव्हत्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात एवढेच होते की, ज्या विवाहास मी जाणत्या वयात संमती दिली नाही, तो मजवर बंधनकारक नाही. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला. आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जावे, अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा निर्णय दिला. त्यावर रखमाबाईंनी आपण तुरुंगात जाऊ, परंतु नांदावयास जाणार नाही, असे कळविले.

या प्रकरणाने केवढे वादळ उठले, हे त्या काळची वृत्तपत्रे चाळणाऱ्यास सांगावयास नको. लोकमान्य टिळकांसारखा पुरुष या बाबतीत रखमाबाईंच्या विरुद्ध उभा होता. परंतु आम्हांस या प्रकरणातील एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी वाटते. रखमाबाईंनी 'बघू' म्हटले असते, तर त्यांचे पुष्कळच निभावून गेले असते. प्रकृतीचे निमित्त, माहेरच्या अडचणीचे निमित्त, मुहूर्ताचे निमित्त, अशी निमित्ते पुढे करून सासर टाळणाऱ्या कित्येक स्त्रिया होऊन गेल्या असतील, आणि समाजाने त्यांच्याकडे काणाडोळा केला असेल. समाजाचा संताप नांदावयास न जाण्यावर नव्हता. तो 'जाणार नाही' असे स्पष्ट म्हणण्यावर होता. टाळाटाळीने नियमास धक्का बसत नाही, नकाराने बसतो. १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई विलायतेस गेल्या, १८९४ साली वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. १९५५ साली त्या वारल्या. ज्या कायद्यान्वये त्यांजवर दावा झाला, त्याचे बीज स्वतंत्र भारताच्या १९५५ च्याच हिंदू विवाह कायद्यात नवव्या कलमाच्या रूपाने पुन्हा रुजले, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविले, हा योगायोग म्हणावा की आणखी काही, ते वाचकांनीच ठरवावे.

नकार न देणे हा गुण आहे, किंबहुना तो थोरपणाचा कळस आहे, ही कल्पना आपणांकडे कोठून आली, याचा शोध घेऊ गेल्यास महाभारतापाशी थांबावे लागते. परंतु महाभारत लक्षपूर्वक वाचणाऱ्यास त्यात या गुणाची स्तुती जितकी आढळते, तितकीच त्याची चिकित्साही आढळते. युधिष्ठिरास द्यूताचे निमंत्रण आले, तेव्हा द्यूतापासून कलह उत्पन्न होतो हे तो जाणून होता. विदुराशी बोलताना त्याने ते सांगितलेही. तरी तो गेला. कोणी आव्हान दिले असता मागे फिरावयाचे नाही, असे त्याचे व्रत होते. व्रत! म्हणजे ज्या ठिकाणी विचार करावयाचा, त्या ठिकाणी विचार करावयाचा नाही असे त्याने आधीच ठरवून ठेवले होते. एकदा सर्वस्व गमावल्यावर दुसऱ्यांदा निमंत्रण आले, आणि तेव्हाही धर्मराज पुन्हा फासे खेळावयास बसला. ज्यास नकार देता येत नाही, त्याच्या होकारास होकार म्हणावे काय, हा प्रश्न व्यासांनी विचारलेला नाही. त्यांनी तो सभेत ओढून आणलेल्या द्रौपदीस भोगावयास लावला आहे.

कर्णाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ब्राह्मणाने मागितलेले काहीही नाकारावयाचे नाही, ही त्याची प्रतिज्ञा. इंद्र ब्राह्मणवेषाने येऊन कवचकुंडले मागणार, अशी पूर्वसूचना सूर्याने त्यास दिली होती. म्हणजे कर्ण फसला नाही, त्याने जाणूनबुजून दिले. का दिले? याचकाची दया आली म्हणून नव्हे. याचक इंद्र होता व त्यास कशाचीही वाण नव्हती. कर्णाने सूर्यास जे उत्तर दिले आहे, त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती म्हणजे कीर्ती. प्राण गेले तरी चालतील, परंतु दाता ही कीर्ती जाता कामा नये. आपणांस दानशूर म्हणून जो मनुष्य आदर्श वाटतो, त्याच्या औदार्याच्या मुळाशी लोक काय म्हणतील ही भीती होती, हे त्या ग्रंथात इतक्या स्पष्टपणे लिहिलेले असता, आपण ते वाचीत नाही. ज्यास 'नाही' म्हणता येत नाही, असा सोशिक, परोपकारी गृहस्थ आपल्या प्रत्येकाच्या परिचयाचा असतो. त्याच्याविषयी कठोर बोलणे जिवावर येते. पण बारकाईने पाहिल्यास तो दुसऱ्याच्या गरजेपेक्षा स्वतःच्या प्रतिमेची सेवा अधिक करीत असतो, असे पुष्कळदा दिसून येईल.

ही सेवा फुकटही होत नाही. दिवसाचे तास मोजके आहेत. म्हणून प्रत्येक होकाराच्या पोटात एक नकार दडलेला असतो. तो ऐकावयास समोर कोणी नसतो, एवढेच. कचेरीतील साहेबाने संध्याकाळी सहा वाजता नवे काम टेबलावर ठेवले, आणि कारकुनाने 'हो साहेब' म्हटले, की त्याच क्षणी त्याने घरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्यासाठी तयार होऊन बसलेल्या म्हाताऱ्या वडिलांस 'नाही' म्हटलेले असते. वडील ते ऐकत नाहीत, म्हणून त्या नकाराचा संकोच वाटत नाही. जे समोर उभे आहेत त्यांस होकार आणि जे समोर नाहीत त्यांस नकार, हे आपल्या भिडस्तपणाचे गणित आहे. दिवाळीच्या तोंडावरील शिंप्याकडे पाहावे. कोणत्याही गिऱ्हाइकास तो परत पाठवीत नाही. प्रत्येकास 'परवा नक्की' म्हणतो. आणि दिवाळीच्या आदल्या रात्री त्याच्या दुकानासमोर जी गर्दी हुज्जत घालीत असते, ती त्याने न दिलेल्या नकारांची गर्दी असते. आता तर कचेरी माणसाच्या खिशातच येऊन बसली आहे. रात्री साडेदहा वाजता मोबाइलवर वरिष्ठांचा संदेश येतो, तो वाचला गेल्याची खूणही पाठविणाऱ्यास दिसते, आणि अंथरुणावर पडलेला मनुष्य अंगठ्याने 'करतो सर' असे लिहितो. पूर्वी कचेरीचे दार बंद झाले म्हणजे ते दारच त्याच्या वतीने 'नाही' म्हणत असे.

मोठी माणसे काय सांगतात याहून सामान्य माणसे काय करतात, हे पाहावयाचे असल्यास अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ले मिल्ग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने केलेले व १९६३ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग पाहावेत. एका खोलीत बसलेल्या माणसाने दुसऱ्या खोलीतील माणसास, त्याचे उत्तर चुकले म्हणजे, विजेचा झटका द्यावयाचा. प्रत्येक चुकीस झटका वाढवीत न्यावयाचा. शेवटची पायरी ४५० व्होल्टची. झटके वस्तुतः खोटे होते, पण देणाऱ्यास ते ठाऊक नव्हते. तो कचरू लागला की, शेजारी उभा असलेला प्रयोगकर्ता शांतपणे, प्रयोग पुढे चालू ठेवणे आवश्यक आहे, अशा अर्थाची चारदोन वाक्ये बोलत असे. धमकी नाही, शिक्षा नाही, बक्षिसाचे आमिषही नाही. आणि चाळीस माणसांपैकी सव्वीस माणसे शेवटच्या पायरीपर्यंत गेली. ही माणसे दुष्ट नव्हती. त्यांतील कित्येकांस घाम फुटला, कित्येक थरथरत होते, कित्येकांनी हे बरोबर नव्हे असे तोंडाने बोलूनही दाखविले. बोलता बोलता त्यांचा हात पुढची कळ दाबीत होता. शब्दांत नकार आणि हातात होकार, ही अवस्था पाहावयास येल विद्यापीठापर्यंत जाण्याचीही गरज नाही. पण याच प्रयोगाचा एक दुसरा प्रकार होता, तो फारसा कोणी सांगत नाही. त्यात आणखी दोन जणांस सोबतीस बसविले होते, व त्यांनी ठरल्याप्रमाणे मध्येच उठून पुढे जाण्यास नकार दिला. तेव्हा चाळिसांपैकी अवघे चार जण शेवटापर्यंत गेले.

यावरून नकाराचे धैर्य ही केवळ एकट्या माणसाच्या छातीची बाब नव्हे, हे ध्यानी येईल. कौरवसभेत द्रौपदीच्या प्रश्नास भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे उत्तर दिले, द्रोण गप्प राहिले, आणि उभा राहिला तो धृतराष्ट्राचाच एक मुलगा, विकर्ण. कर्णाने त्यास पोरकट ठरवून खाली बसविले. विकर्णाच्या पाठोपाठ आणखी दोघे उठले असते, तर काय झाले असते, हा तर्क निष्फळ आहे. तरी चाळीस माणसांच्या त्या आकड्यांनंतर तो करावासा वाटतो खरा.

आजकाल आत्मविश्वासाने नकार कसा द्यावा, यावर व्याख्याने होतात, पुस्तके निघतात, आणि कचेऱ्यांतून पैसे मोजून शिक्षणवर्गही भरविले जातात. त्यांतील सल्ला बहुधा वाईट नसतो. परंतु त्या सगळ्यांत एक गृहीत धरलेले असते, ते हे की, नकार देणाऱ्याचे फार तर मन अवघडेल, पोट अवघडणार नाही. हे गृहीत या महाराष्ट्रात तरी कधीच सर्वांस लागू पडले नाही. महार वतनाचे स्वरूप ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हे निराळे सांगण्याचे कारण नाही. तुटपुंजी इनाम जमीन व बलुते यांच्या मोबदल्यात वतनदार महाराने सरकारी व गावकीचे वाटेल ते काम, वाटेल त्या वेळी करावयाचे. तो घरी नसेल तर त्याच्या कुटुंबातील कोणी तरी करावयाचे. कामास वेळेची मर्यादा नव्हती, आणि 'नाही' या शब्दास त्या व्यवस्थेत जागाच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात या वतनांसंबंधी विधेयक मांडले. ती वतने प्रत्यक्ष नष्ट व्हावयास १९५८ चा कायदा यावा लागला. मध्यंतरी, १९२७ च्या महाडच्या परिषदेपासून, मृत जनावरांचे मांस खाणार नाही, हीन मानलेली कामे करणार नाही, असे निश्चय गावोगाव झाले. त्या नकाराची किंमत काय पडली? बहिष्कार. दुकानदार माल देईना, शेतावर मजुरी मिळेना, पाण्याची वाट बंद. एखाद्या कारकुनाने जादा काम नाकारले तर साहेबाची भुवई वर चढते. येथे सबंध गाव अंगावर येत होता. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्रास २०१६ साली करावा लागला, यावरून ते हत्यार गंजले नव्हते, हे उघड आहे.

म्हणून ज्यांस नकार परवडत नाही, त्यांस नकाराचे धडे देणे हे उपाशी माणसास पथ्य सांगण्यासारखे आहे. त्यांच्यासाठी दुसरे काही तरी केले पाहिजे, आणि ते केले गेल्याची उदाहरणेही आहेत. मुंबईच्या गिरणीत रविवारी कामावर येणार नाही, असे एकट्या गिरणी कामगाराने म्हणणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, हजारो कामगारांच्या सह्यांचे अर्ज केले, सभा भरविल्या, आणि १८९० साली मालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. त्यानंतर रविवारी 'नाही' म्हणण्याचे धैर्य कोणाही कामगारास करावे लागले नाही. ते त्याच्या वतीने एकदाच, सर्वांसाठी, केले गेले होते. वाण्याच्या दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते, तिचे मर्म हेच. वाणी स्वभावाने कठोर असतो असे नाही. शेजाऱ्याच्या तोंडावर नकार देणे त्यासही जड जाते. म्हणून तो नकार फळीवर लिहून ठेवतो, आणि स्वतः मोकळेपणाने हसून गिऱ्हाइकाशी बोलतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून अंमलात आलेल्या तरतुदीने, कामाच्या वेळेबाहेर संदेशांपासून अलिप्त राहण्याच्या हक्काविषयी मोठ्या कंपन्यांनी नोकरांशी वाटाघाटी कराव्यात, असे ठरविले. ही फ्रेंच सरकारने लावलेली वाण्याची पाटीच होय.

परंतु सगळाच भार नियमावर टाकता येत नाही. काही नकार असे असतात की, ते दुसरा कोणी आपल्यासाठी देऊ शकत नाही, आणि त्यांची किंमत मात्र दुसऱ्यासही मोजावी लागते. आगरकरांनी शिकत असतानाच, मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा बाळगू नये, असे आईस पत्र लिहून कळविले, हे सर्वश्रुत आहे. त्या पत्राची थोरवी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण ते पत्र जिच्या हाती पडले, त्या माउलीचा विचार आपण क्वचितच करतो. दारिद्र्यात मुलास वाढवून त्याच्या पदवीकडे डोळे लावून बसलेल्या स्त्रीने त्या नकाराचा अर्धा भाग न विचारता भरला; आणि १८९५ साली, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, आगरकर वारले, तेव्हा उरलेला भाग त्यांच्या पत्नीच्या वाट्यास आला. यामुळे आगरकरांचा निर्णय चुकीचा ठरतो, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्याकडून ही किंमत वसूल होणार, त्यांस त्यांनी निदान आधी, स्पष्ट शब्दांत, लिहून कळविले. 'बघू' म्हटले नाही. एवढे पुष्कळ आहे की थोडे, याविषयी दोन मते होऊ शकतील.

नकार द्यावयाचा कसा, याविषयी आपल्या प्राचीन मीमांसकांकडून व वैयाकरणांकडून एक उपयोगी भेद उचलता येईल. निषेध दोन प्रकारचा, असे ते म्हणतात. एकास पर्युदास म्हणतात. त्यात 'न' हा नामाशी जोडला जातो, आणि त्या वस्तूस वगळून तिच्याहून भिन्न अशा वस्तूचा बोध होतो. दुसरा प्रसज्यप्रतिषेध, त्यात 'न'चा संबंध क्रियेशी असतो, व निषेध होतो तो क्रियेचा. हा भेद त्यांनी निराळ्या हेतूने केला, हे खरे. परंतु व्यवहारातील कित्येक भांडणे हे दोन निषेध एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. 'हे काम मी करणार नाही' हा क्रियेचा निषेध. पण देणारा घाबरलेला असतो, म्हणून तो आवाज चढवितो, जुनी गाऱ्हाणी उकरतो, आणि नकार क्रियेवरून उडून समोरच्या माणसावर जाऊन बसतो. घेणाराही तो तसाच घेतो: माझे काम नाकारले म्हणजे मला नाकारले. मग 'नाही' या दोन अक्षरांनी जे भागले असते, त्यासाठी दोन घरांचे येणेजाणे बंद होते.

याच कारणास्तव नकाराबरोबर फार कारणे देऊ नयेत, असे अनुभवी लोक सांगतात, ते खरे आहे. जितकी कारणे तितकी दारे. 'त्या दिवशी घरी पाहुणे आहेत' म्हटले की, 'मग दुसऱ्या दिवशी या' हे उत्तर ठेवलेलेच. सॉक्रेटिसाचे वर्तन या दृष्टीने मासलेवाईक आहे. अथेन्समध्ये तीस जुलमी अधिकाऱ्यांची सत्ता असताना, सॅलॅमिस येथील लिऑन नावाच्या माणसास ठार मारण्यासाठी पकडून आणावे, असा हुकूम सॉक्रेटिसास व इतर चौघांस झाला. ते चौघे सॅलॅमिसला गेले. सॉक्रेटिस आपल्या घरी गेला. व्याख्यान नाही, आवेश नाही. पुढे स्वतःच्या खटल्यात त्याने हे सांगितले, तेही सहजगत्या. त्याच भाषणात तो आपल्या अंतर्वाणीविषयी असे सांगतो की, ती त्यास अमुक कर असे कधीच म्हणत नसे. जेव्हा बोले तेव्हा काही तरी करण्यापासून त्यास परतवीत असे. ज्या तत्त्वज्ञाचा आतला आवाज जन्मभर केवळ 'नको' एवढेच म्हणत होता, त्याचे आयुष्य रिकामे राहिले, असे कोणी म्हणणार नाही.

सौम्य नकाराचे दुसरे उदाहरण स्पिनोझाचे. १६७३ साली हायडेलबर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाची जागा त्यास देऊ करण्यात आली. चरितार्थ भिंगे घासण्यावर चालविणाऱ्या माणसास हा केवढा मान! विचार करण्याचे पूर्ण स्वातंत्र्य राहील, मात्र प्रस्थापित धर्मास त्याने धक्का लावू नये, एवढीच अट होती. स्पिनोझाने बराच काळ विचार केला, आणि अत्यंत विनयाने नाही म्हणून लिहिले. त्या स्वातंत्र्याची मर्यादा नेमकी कोठे संपते, हे आपणांस कळत नाही, हे त्याने दिलेले एक कारण होते. त्याने देणाऱ्यास दोष दिला नाही, देणगीस हीन लेखले नाही, स्वतःच्या त्यागाचा डांगोरा पिटला नाही.

नकार देणाऱ्याविषयी येथवर बरेच लिहिले. परंतु नकार ऐकणाऱ्याविषयी लिहिल्यावाचून हा विषय अर्धाच राहतो, आणि नेमका हा अर्धा भाग कोणत्याही शिक्षणवर्गात शिकवीत नाहीत. आपण प्रत्येक जण कोठे तरी कारकून असतो आणि कोठे तरी साहेब असतो. कचेरीत 'नाही' म्हणता येत नाही म्हणून तळमळणारा मनुष्य घरी येतो, व त्याचा मुलगा 'मला विज्ञान शाखेस जावयाचे नाही' म्हणाला असता संतापाने लाल होतो. मूल बोलू लागते तेव्हा 'आई', 'बाबा' यांच्या पाठोपाठ लवकरच ते 'नको' शिकते. दोन वर्षांचे मूल दिवसभर प्रत्येक गोष्टीस 'नको' म्हणते. दूध नको, टोपी नको, झोप नको. त्यास दूध नको असते असे नव्हे. आपली इच्छा आईच्या इच्छेहून निराळी असू शकते, हा शोध त्यास नुकताच लागलेला असतो, आणि तो शोध ते पुन्हा पुन्हा पडताळून पाहत असते. त्यावर आपण त्यास हट्टी म्हणतो, द्वाड म्हणतो, आणि पुढची पंधरा-वीस वर्षे मेहनत घेऊन ते 'नको' त्याच्या जिभेवरून पुसून टाकतो. मग ते वीस-बावीस वर्षांचे झाल्यावर नोकरीस लागते, आणि पहिल्याच आठवड्यात रात्री साडेदहा वाजता 'करतो सर' असे लिहू लागते.